झोळीवाला खलनायक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मुलं पळवणाऱ्या टोळीवरच्या नव्या थरारपटाचं परीक्षण वाचलं. कॅमेरा, पार्श्वसंगीत, तपास अधिकाऱ्याचा अभिनय, सगळ्याला भरभरून दाद दिलीत. चित्रपट मीही पाहिला, नातवानं घरीच लावून दिला. थराराबद्दल माझी काही तक्रार नाही. रेल्वेत टीसी होतो. रात्रीच्या गाडीत तिकिटं तपासून झाली की दौंड येईपर्यंत रहस्यकथाच वाचायचो, आणि ते व्यसन निवृत्तीनंतरही सुटलेलं नाही. तक्रार आहे ती खलनायकाच्या कपड्यांबद्दल.

मळकी भगवी कफनी, खांद्याला झोळी, वाढलेली दाढी, हातात बिस्किटाचा पुडा. मुलं पळवण्याच्या गोष्टीत वर्षानुवर्षं हाच माणूस येतो. मुंबईत बसून लिहिणाऱ्यांना ती नुसती वेशभूषा वाटत असेल. आम्हा सोलापूरकरांना तो माणूस दारावर येऊन गेलेला असतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षेकरी म्हणून फिरणाऱ्या पाच जणांना पोरं पळवणारे समजून जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीत घालून ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी होते ते, बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातून पोटासाठी गेलेले. त्यांनी एकही मूल पळवलेलं नव्हतं. टोळी आल्याच्या अफवा तेवढ्या मोबाइलवरून गावोगाव फिरत होत्या. चार वर्षांनी, सप्टेंबर २०२२ मध्ये, जत तालुक्यातल्या लवंगा गावात पंढरपूरला निघालेल्या चार साधूंना याच संशयावरून चोप बसला. ते जिवानिशी वाचले, एवढाच फरक. सिनेमा पाहून लोक माणसं मारतात असं मी म्हणत नाही. पण अफवा आली की डोळे ज्याला शोधतात, त्याचा चेहरा आधी कुणीतरी दाखवून ठेवलेला असतो.

खरी टोळी कशी दिसते हे महाराष्ट्राला ठाऊक नाही असंही नाही. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुलींनी १९९० ते १९९६ या काळात मुलं पळवली, पाकीटमारी करताना त्यांना ढालीसारखं वापरलं आणि अडचण व्हायला लागली की मारून टाकलं. कडेवर लेकरू घेतलेल्या बाईवर गर्दीत कोण संशय घेणार? कोल्हापूरच्या न्यायालयानं २००१ मध्ये दोघी बहिणींना फाशी सुनावली, सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये ती कायम केली, आणि दयेच्या अर्जाला झालेल्या उशिरापायी जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं ती जन्मठेपेवर आणली. हे सगळं आठवत असताना अजून झोळीच दाखवायची?

गाडीतलं सांगतो. जनरल डब्यात चार-पाच पोरं एका माणसाबरोबर, सगळ्यांच्या पायात एकाच दुकानातल्या नव्या चपला. हे कोण रे? मामा. मामाचं नाव काय? पोरगं मामाकडं बघतं. आणि हा मामा कसा, तर भांग नीट पाडलेला, शर्ट इस्त्रीचा, बोलायला गोड, तिकिटं सगळ्यांची पुरी. फुकट्याला दंड करायचं माझं काम, ह्याच्यात पकडण्यासारखं काही नसायचंच. लोहमार्ग पोलिसांना बोलावलं की हळूहळू निघायचं: कुणी बेकरीत कामाला, कुणी वीटभट्टीवर, कुणी बंगल्यात भांडी घासायला चाललेला. घरी उचल पोचलेली. पडद्यावर खंडणीचा फोन वाजतो, सगळं घर गोळा होतं. इथं फोन कुणाला यायचा? ज्याच्या घरून दमडी मिळायची नाही त्याचंच पोरगं जातं. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ प्रमाणे पिळवणुकीसाठी असं फसवून किंवा आईबापाला पैसे चारून मूल नेणं हीसुद्धा मानवी तस्करीच, मूल हसत हसत गेलं तरी.

तरी नुसत्या दिसण्यावर जाऊ नये. मे २०२३ मध्ये दानापूर-पुणे एक्सप्रेसमधून भुसावळ आणि मनमाडला ५९ मुलं उतरवून घेतली, पाच जणांना तस्करीच्या आरोपाखाली अटक झाली. मुलं बिहारची, इकडच्या मदरशांत शिकायला निघालेली. २०२४ मध्ये पोलिसांनीच गैरसमजातून गुन्हे दाखल झाल्याचं सांगून प्रकरण बंद केलं. तोवर ते पाच जण तुरुंगात राहून आले होते. म्हणून मूल ताब्यात घेतल्यावर २४ तासांत बाल कल्याण समितीपुढं न्यायचं असतं. तिथं मुलाशी वेगळं बोलतात, घरी चौकशी करतात. लेखकांना ही कागदपत्रं कंटाळवाणी वाटतात. मला वाटतं, बंद खोलीत एक नऊ वर्षांचं पोरगं समितीच्या बाईंना खरं सांगतंय की पढवलेलं, याच्यापेक्षा मोठं रहस्य कुठलं?

आणखी एक खटकलं. ठाण्यातला हवालदार रडणाऱ्या आईला म्हणतो, ‘चोवीस तास थांबा, मग तक्रार घेऊ.’ हा संवाद आता प्रत्येक चित्रपटात असतो आणि लोकांना तो नियमच वाटतो. सर्वोच्च न्यायालयानं मे २०१३ मध्येच सांगितलंय की मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून लगेच गुन्हा नोंदवायचा. हद्द कुणाची याचा घोळही घालता येत नाही, कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकानं नोंद होते. माझ्या शेजारची विडी वळणारी बाई मागं गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर पोरगी चुकली तेव्हा पोलीस चौकी समोर असून तिथं गेली नाही, ‘एवढ्यात घेत नाहीत’ म्हणून. हे तिला कायद्याच्या पुस्तकानं शिकवलेलं नव्हतं. पोरगी पाळण्यांपाशी सापडली, तो भाग वेगळा.

लेखक-दिग्दर्शकांना आम्ही काय सांगणार. आपल्याला मात्र विनंती करता येते. असल्या चित्रपटाचं परीक्षण छापाल तेव्हा खलनायकाला कुणाचे कपडे घातलेत एवढं परीक्षणकर्त्यांना बघायला सांगा. आणि खाली साडेतीन तारे छापता, त्याच्या शेजारी १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर छापायला जागा निघेल. तो फुकट लागतो, रात्रीसुद्धा.

आपला वाचक,
एक निवृत्त तिकीट तपासनीस
रेल्वे लाईन्स, सोलापूर