स्मृतिभ्रंशासाठी धावताना

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी निधी उभारू पाहणाऱ्यांनी ऑगस्टअखेरीस तयारीला लागावे. ४२.१९५ किलोमीटरसाठी १६ ते २० आठवड्यांचा सराव हवा. आठवड्याचे अंतर एकदम वाढवले की नडगी, गुडघे बोलू लागतात. घामातून मीठही जाते, म्हणून नुसते पाणी पीत राहू नये.

पैशांचे मात्र अनेकांचे चुकते. देणगी धावपटूच्या नव्हे, थेट संस्थेच्या खात्यात जावी. २,००० रुपयांवरील रोख देणगीला प्राप्तिकरात वजावट नाही, आणि नव्या करप्रणालीत तर कोणत्याच देणगीला नाही. हे देणगीदाराला आधीच सांगावे. निधी कशासाठी, तेही नेमके लिहावे: दिवसभराचे देखभाल केंद्र, की घरी रुग्णाला सांभाळणाऱ्याला आठवड्यातून चार तासांची उसंत? या उसंतीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. तिला आधी पैसा द्या.

– एक वाचक, ठाणे