समासातली उत्तरं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तरुण मुलं ई-पैसा इतक्या सहज कशी वापरायला लागतात, असा विषय निघाला की 'हातात मोबाइल घेऊनच जन्मलीत ती' हे उत्तर ठरलेलं. मी वाणिज्य शाखेत शिकवते. यंदा याच विषयावरच्या एका विद्यार्थी-प्रकल्पाच्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा तपासला आणि हे उत्तर मला पटेनासं झालं.

प्रश्नावली नेहमीचीच होती. लोक नवं तंत्र का स्वीकारतात, याबद्दल संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी 1989 मध्ये दोन गोष्टींवर बोट ठेवलं: वस्तू उपयोगी वाटते का आणि वापरायला सोपी वाटते का. 2003 मध्ये व्यंकटेश आणि सहकाऱ्यांच्या मांडणीत आजूबाजूच्या माणसांचा प्रभाव आणि हाताशी असलेल्या सोयी याही आल्या. तेव्हापासून प्रश्न तेच, शब्द तेवढे बदलतात. बऱ्याच मुलांनी 'सहमत'च्या रकान्यात वरपासून खालपर्यंत खुणा ओढल्या होत्या. न वाचता, हे सांगायला ज्योतिषी नको.

खरी उत्तरं समासात सापडली. 'वापरायला सोपे' यापुढे 'पूर्णपणे सहमत' अशी खूण करून एका मुलीने पेन्सिलीने लिहिलं होतं, 'पण खात्याचा मेसेज बाबांच्या फोनवर जातो, म्हणून रोखच बरी.' एका मुलाचं म्हणणं, 'मित्रांमध्ये खर्च वाटताना नोटा काढणारा मी एकटाच उरलो.' तिसऱ्याचे पैसे मध्येच अडकले आणि नऊ दिवसांनी परत आले. त्याने 'विश्वासार्ह' या शब्दाखाली तीन रेघा मारल्या होत्या, बाकी काही नाही.

मोबाइल तिघांनाही सारखाच येतो. एकीवर घरच्यांची नजर आहे, दुसऱ्याला मित्रांसमोर अवघडल्यासारखं झालं, तिसऱ्याच्या तक्रारीला नऊ दिवस कुणी दाद दिली नाही. यात यंत्राचा भाग किती?

उपयोगीपणाचंही तसंच. इंग्लंडमधल्या स्विंडनला 1995 मध्ये 'मोंडेक्स' कार्ड आलं. पैसे थेट कार्डाच्या चिपमध्ये. तंत्र चालत होतं, पण रोकडीने लोकांचं काही अडत नव्हतं आणि काही वर्षांत प्रयोग गुंडाळला गेला. केनियात 2007 मध्ये 'एम-पेसा' ही मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा सुरू झाली, तीही साध्या फोनवर. तिथे शहरात कमावणाऱ्याला गावी पैसे धाडायचे होते आणि अनेकांकडे बँकेचं खातंच नव्हतं. अडचण मोठी, म्हणून ती झपाट्याने पसरली. कुणी त्या लोकांना तंत्रस्नेही म्हटलं नव्हतं.

आपल्याला एक विनंती. अशा पाहण्यांच्या बातम्या छापताना टक्केवारीशेजारी मुलांना विचारलेला प्रश्नही छापावा. 'पुढे वापराल का?' आणि 'गेल्या आठवड्यात पैसे कसे दिलेत?' या दोन प्रश्नांची उत्तरं माझ्याच वर्गात एकमेकांशी जुळत नाहीत.

आपली,
एक वाणिज्य शिक्षिका