संमती कोणत्या भाषेत घेतलीस?

खानापूर,
रविवार

चि. लेकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस की बेळगावच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणासाठी संस्थेने तुझे नाव घातले आहे. पण निपाणीत इतक्या घरभेटी खोळंबलेल्या असताना गोपनीयता आणि संमती यांवरची तीच व्याख्याने पुन्हा ऐकायला जाणे तुझ्या जिवावर आले आहे. त्या वेळी मी गप्प राहिले, कारण मला जे सांगायचे होते ते भाकरी थापता थापता सांगण्यासारखे नव्हते. तेवीस वर्षे मी समाजकार्याच्या या कामात काढली आणि त्यातली एक गोष्ट घरात कुणालाच सांगितली नाही. ती आज तुला लिहिते.

२००४ साली मी एका रुग्णालयात समुपदेशक होते. उत्तर कर्नाटकात एचआयव्हीचा प्रादुर्भाव मोठा होता आणि आपल्या जिल्ह्यालाही त्याची चांगलीच झळ पोहोचली होती. सौंदत्तीकडच्या खेड्यातून एक बाई तपासणीसाठी आली. तिला कन्नडखेरीज दुसरी भाषा येत नव्हती आणि माझे कन्नड त्या वेळी बाजारापुरते व बसपुरते होते. सोबत तिचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा होता. तो शहापुरात मावशीकडे राहून मराठी शाळेत शिकत होता, म्हणून दोन्ही भाषा सफाईने बोलत असे. मी त्यालाच दोघींच्या मध्ये बसवले. संमतीपत्र मी मराठीतून सांगितले, त्याने आईला कन्नडमधून सांगितले, तिने अंगठा दिला. अहवाल आला तेव्हाही मी तसेच केले. त्याने एक-दोन शब्दांचा अर्थ मला विचारला, थोडा वेळ खाली बघत राहिला, मग आईला काहीतरी सांगितले. तिने मान हलवली. मी केसपेपरवर ‘समुपदेशन पूर्ण’ असे लिहिले आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली.

ती पुन्हा आली आठ महिन्यांनी, तेही दुसऱ्यांच्या आधाराने. तेव्हा उलगडा झाला की ‘तुझ्या अंगात रक्त कमी आहे’ एवढेच त्या पोराने तिला सांगितले होते. खरे काय ते आठ महिने तो एकटा मनात धरून होता. पुढे बाईला उपचार मिळाले आणि ती सावरली, पण मुलाने शाळा सोडली ती सोडलीच. माझ्याकडे कुणी जाब मागितला नाही. कागद सगळे पूर्ण होते, अंगठा जागच्या जागी होता.

पुढच्या वर्षी एका तीन दिवसांच्या प्रशिक्षणात शिकवणाऱ्या बाईंनी सहज विचारले की भाषा येत नसेल तेव्हा तुम्ही कोणाची मदत घेता, आणि निम्म्या वर्गाने ‘घरातल्या शिकलेल्या मुलाची’ असे उत्तर दिले. घरचा माणूस, त्यातही लहान मूल, दुभाष्या म्हणून का घ्यायचे नाही, हे त्यांनी मग तासभर समजावले: मूल आईला जपण्यासाठी शब्द गाळते, आई मुलासमोर खरे बोलत नाही, आणि जे ओझे त्या वयाचे नाही ते त्याच्या डोक्यावर बसते. मी तो तासभर मान वर करू शकले नाही. त्यात मला अवघड असे काहीच नव्हते, फक्त ते मला आधी कुणी विचारले नव्हते. तिथून परत आल्यावर मी गल्लीतल्या एका निवृत्त शिक्षिकेकडे रोज संध्याकाळी पाटी घेऊन बसू लागले आणि दोन वर्षांत कन्नड लिहाय-वाचायला शिकले. आपल्या भागात मराठी माणसाने कन्नड शिकण्याकडे लोक कसे बघतात हे तुला ठाऊक आहे. मलाही चार शब्द ऐकावे लागले. माझी मराठी त्याने तसूभर कमी झाली नाही, आणि त्यानंतर एकाही बाईला मी तिच्या लेकराच्या तोंडून तिचा आजार सांगितला नाही.

तुझ्याकडे हे उलटे आहे, म्हणून अधिक जपायला हवे. निपाणीत विड्या वळणाऱ्या ज्या बायकांच्या घरी तू जातेस त्या मराठी बोलतात, आणि तुझ्या हातातला अर्ज कन्नडमध्ये असतो. ‘इथे सही करा, योजनेसाठी लागते,’ एवढ्यावर त्या सही करतात, कारण त्यांचा तुझ्यावर विश्वास असतो. हा विश्वास म्हणजे संमती नव्हे. कागदात काय आहे, माहिती कुणाकडे जाणार, नाही म्हटले तर मदत थांबणार की नाही, हे तिला तिच्या भाषेत कळले आणि तिने ते आपल्या शब्दांत तुला परत सांगितले, की मगच सही घे. याला प्रत्येकी दहा मिनिटे जास्त लागतील. तेवढी लागू देत.

तू शिकलीस कोल्हापुरात आणि काम करतेस कर्नाटकात, हाही विचार कर. महाराष्ट्रातले कागल तुमच्याकडून हाकेच्या अंतरावर आहे आणि सोयरिकी दोन्हीकडे होतात. २००६ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे बालविवाह त्या मुलीने किंवा मुलाने न्यायालयात मागणी केली तर रद्द होतो, आणि ती मागणी सज्ञान झाल्यापासून दोन वर्षे पूर्ण होण्याआधी करावी लागते. तू परीक्षेत हेच लिहिले असशील. कर्नाटकाने मात्र २०१६ च्या दुरुस्तीने असा विवाह मुळापासूनच अवैध ठरवला. लग्न कुठे लागले, मुलगी आज कुठे राहते, हे विचारल्याशिवाय तिला आपल्या आठवणीवर विसंबून सल्ला देऊ नकोस. मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाकडे तिला घेऊन जा. नवऱ्याकडून किंवा सासरकडून होणाऱ्या छळाच्या तक्रारीचे कलमही बदलले आहे. सगळ्यांच्या तोंडी बसलेले ४९८-अ आता नाही; १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेतले ८५ आणि ८६ ही कलमे लागू आहेत. थोड्याच वर्षांपूर्वी शिकले, असे तू म्हणालीस ना? एवढ्या काळातही कायदा बदलतो.

‘मी हे कुणालाही सांगणार नाही’ असे वचन कोणत्याही मुलाला आधी देऊ नकोस. मीही ते पुष्कळदा दिले होते आणि त्यात माया होती. पण २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्या कोणालाही ती पोलिसांना कळवावीच लागते, न कळवणे हा गुन्हा आहे. म्हणून बोलणे सुरू होण्यापूर्वीच सांगावे की तुझी गोष्ट मी जपेन, पण तुला कुणी इजा करत असेल तर मला मदत बोलवावी लागेल. मूल यावर गप्प झाले तर थांबावे, पुन्हा जावे. आधी वचन देऊन मग पोलिसांना घेऊन येणारी ताई त्याला कशी वाटेल, याचा विचार कर. आणि गावातले वडीलधारे ‘आपापसात मिटवू’ म्हणाले तर तिथे चहासुद्धा घेत बसू नकोस.

डॉक्टर चुकला तर त्याची नोंदणी रद्द होऊ शकते, वकिलाची सनद जाऊ शकते. आपल्या देशात सगळ्या समाजकार्यकर्त्यांसाठी मिळून तशी कायद्याने स्थापन झालेली परिषद नाही. अपंगांसाठी काम करणाऱ्या ज्या व्यावसायिकांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते त्यांना ती टिकवण्यासाठी शिक्षण चालू ठेवावे लागते, अमेरिकेत बहुतेक राज्यांत परवान्याचे नूतनीकरण करताना नीतिविषयक तासही दाखवावे लागतात. तुला आणि मला यातले काहीच बंधन नाही. त्यामुळे प्रशिक्षणाला गेलो नाही म्हणून आपले काहीच बिघडत नाही. बिघडते ते समोरच्या बाईचे, आणि तिला ते कळतही नाही. मला हेच फार लागते.

व्हॉट्सॲपच्या गटावर घरभेटीचे फोटो टाकणे आजच बंद कर, चेहरा झाकलेला असला तरी. निपाणीसारख्या गावात दारावरचे तोरण पाहूनही घर ओळखतात. गुळाची ढेप कुणी दिली तर घ्यायची की नाही, हे प्रत्येक वेळी मनाशी ठरवत बसण्यापेक्षा संस्थेत एकदाच सर्वांनी मिळून ठरवा.

प्रशिक्षणाला जाताना एक काम कर. ज्या प्रकरणात आपण बरोबर केले का, याची तुला खात्री नाही, असे एक प्रकरण नाव-गाव वगळून लिहून ने आणि ते वर्गात विचार. व्याख्यान तेच असेल, पण तुझा प्रश्न तुझाच असेल.

शनिवारी संध्याकाळी तिथून थेट खानापूरची बस धर. तुमचे ते कन्नड संमतीपत्र सोबत आण. मी एकेक ओळ वाचून सांगते, तू ती विडी वळणाऱ्या बाईला कळेल अशा मराठीत लिहून काढ. माझा चष्मा बदलून आला आहे, तेव्हा बारीक अक्षराची काळजी करू नकोस.

तुझी,
आई