दिवसाला सात हजार, तेही अठराच्या आतल्या पोरांना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात अधूनमधून मुलं आणि मोबाईल या विषयावर लेख येतात, त्यात व्यसन, झोप, डोळे, मैदानी खेळ, आईवडिलांनी वेळ द्यावा वगैरे सगळं असतं आणि ते चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. पण पैशाचा विषय त्यात कुणी काढतच नाही. गेम फुकट आहे असं धरूनच सगळे बोलतात. डाउनलोड करायला फुकट आहे हो, पण मग या कंपन्या चालतात कशावर, हे कुणीतरी लिहायला पाहिजे होतं, कुणी लिहीना म्हणून हे पत्र.

माझं बार्शीत मोबाईल रिचार्ज, झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे, शाळा आणि क्लासेसच्या रस्त्यावर. गूगल प्लेचे रिडीम कोड, म्हणजे आधी पैसे देऊन घ्यायचा नंबर, जो फोनात टाकला की तेवढ्या पैशाची खरेदी करता येते, ते मी विकतो. शंभराला दोन-तीन रुपये सुटतात, त्यामुळं मी काही साधुसंत म्हणून लिहीत नाहीये, गिऱ्हाईक कोण आहे ते मला काउंटरवरून दिसतं एवढंच. गिऱ्हाईक आठवी ते बारावीचं पोरगं असतं, युनिफॉर्मवर, खिशात दहा-वीसच्या चुरगळलेल्या नोटा, "काका, शंभरचा कोड मारा ना". कोडचा नंबर मी कागदावर लिहून देतो, पोरगं तिथंच पायरीवर बसून टाकतं आणि दोन मिनिटांत पैसे संपलेले असतात. दिवाळी, राखीपौर्णिमा, यात्रा झाली की दुसऱ्या दिवशी गर्दी, कारण मामा-मावशीनं हातावर पैसे ठेवलेले असतात. हे सगळं रोखीत. लोकांना वाटतं आईच्या फोनला पिन ठेवला की काम झालं. रोखीला कुठला पिन आणि कुठला ओटीपी?

विकत काय घेतात, तर गेममधल्या बाहुल्याचे कपडे, बंदुकीचं स्किन म्हणजे तिचं रंगीत रूप, नाचायची स्टाईल म्हणजे इमोट. त्यानं गेम जिंकता येतो असं बहुतेक वेळा नाहीच. मग का घेतात? कारण साधे फुकटचे कपडे घालून लॉबीत, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधी सगळे जमतात तिथं, उभं राहिलं की बाकीचे चार जण "नूब, नूब" म्हणजे नवशिका म्हणून चिडवतात. आपल्या वेळी कुणाच्या पायात कुठले बूट यावरून हेच चालायचं, पण बूट दोन वर्षं टिकायचे आणि ते करायला कारखान्यात कुणालातरी चामडं कापावं लागायचं. इथं एकदा चित्र काढलं की त्याची दुसरी कॉपी आणि दहा लाखावी कॉपी यात कंपनीचा खर्च जवळजवळ शून्य. गोडाऊन नाही, वाहतूक नाही, माल परत येणं नाही. ॲप स्टोअरवाले आपले ३० टक्क्यांपर्यंत कापतात, सर्व्हर आणि पगार जातात, जाहिरात जाते, उरलं ते घरात.

किती उरतं ते बघा. फ्री फायर हा बंदुकीच्या मारामारीचा गेम ज्या गरेनाचा आहे ती सिंगापूरच्या सी लिमिटेडची कंपनी. २०२१ मध्ये गरेनाचं बुकिंग, म्हणजे खेळणाऱ्यांनी मोजलेले पैसे, साधारण ४.६ अब्ज डॉलर होतं आणि व्याज, कर, घसारा धरायच्या आधीचा, कंपनी स्वतःच्या हिशोबानं दाखवते तो नफा २.८ अब्ज डॉलर. तेव्हाच्या भावानं वीस हजार कोटी रुपयांच्या वर. शंभर रुपये आले तर साठ उरले, हा हिशोब कुठल्या किराणा दुकानदाराला सांगितला तर तो खुर्चीवरून पडेल. यात त्यांचे बाकीचे गेमही आले, पण मोठा वाटा फ्री फायरचाच. आणि याच पैशावर त्यांचा शॉपीचा ऑनलाईन शॉपिंगचा धंदा देशोदेशी तोट्यात चालत होता, तो आपल्याकडंही काही महिने येऊन गेला. १४ फेब्रुवारी २०२२ ला आपल्या सरकारनं फ्री फायरवर बंदी घातल्याची बातमी आली तेव्हा सीचा शेअर अमेरिकेच्या बाजारात एका दिवसात १८ टक्के पडला. आमच्या रस्त्यावरच्या दहावीच्या पोरांना न्यूयॉर्कच्या बाजारात एवढी किंमत आहे हे मला त्या दिवशी कळलं. (बंदीनंतर पोरं आठवडाभर उदास होती, मग सगळी फ्री फायर मॅक्सवर, म्हणजे त्याच गेमच्या दुसऱ्या आवृत्तीवर गेली. तेच अकाउंट, तेच कपडे.)

आता विकायची पद्धत. हे नीट वाचा, कारण इथंच खरी मेख आहे.

गेममध्ये रुपये दिसत नाहीत, डायमंड दिसतात. दुसरीकडं यूसी, तिसरीकडं रोबक्स, नाव काही असो. शंभर डायमंडचं पाकीट, तीनशे दहाचं, पाचशे वीसचं, एक हजार साठचं असं मिळतं आणि वस्तूची किंमत त्या पाकिटांशी सहसा जुळत नाही, थोडे उरतात किंवा थोडे कमी पडतात. उरले तर वाया जाऊ नयेत म्हणून पुन्हा भरायचे, कमी पडले तर पडले म्हणून पुन्हा भरायचे. आणि मग ते चक्र. फेडेड व्हील म्हणतात त्याला, पोरं नुसतं "व्हील" म्हणतात. दहा वस्तू असतात, त्यातल्या नको त्या दोन आपण काढायच्या, उरल्या आठ. फिरवलं की एक मिळते, मिळालेली पुन्हा येत नाही, म्हणजे हवी ती कधी ना कधी मिळणारच. ऐकायला किती न्याय्य वाटतं बघा! आता एकेका फेरीचा दर: पहिली ९ डायमंड, मग १९, ३९, ६९, ९९, १४९, १९९ आणि शेवटची ४९९. पहिल्या फेरीला पोरगं म्हणतं नऊच तर आहेत. सहाव्या फेरीला म्हणतं एवढे घातले, आता सोडून कसं जमेल. हवी ती वस्तू बहुतेकांना शेवटाकडंच येते. मी एकदा कॅल्क्युलेटरवर बेरीज मारली, १०८२. आणि पाकीट केवढ्याचं आहे? १०६० चं. बावीस कमी! पोरं परत माझ्याच काउंटरवर येतात, "काका, अजून एक छोटा कोड". हा योगायोग आहे असं ज्याला वाटतं त्यानं खुशाल वाटून घ्यावं, मी दुकानदार आहे, मला वाटत नाही.

यावर कुणी म्हणेल की हा जुगार आहे आणि जुगारावर आता बंदी आलीय. नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाईन गेमिंगचा कायदा केला, रमी आणि फँटसी टीमचे पैशाचे डाव बंद झाले, चांगलं झालं. पण त्या कायद्याचा रोख आहे तो पैसे लावून पैसे जिंकायच्या आशेवर. इथं तर जिंकून पैसे मिळायची आशाच नाही, पैसा फक्त एका बाजूला जातो, म्हणून हे आपले साधे खेळ म्हणून राहिले. म्हणजे परत मिळायची शक्यता असेल तर गुन्हा आणि शक्यताच नसेल तर मनोरंजन. बेल्जियमनं २०१८ मध्येच पैसे देऊन उघडायच्या पण आत काय निघेल ते नशिबावर असणाऱ्या गेममधल्या पेट्यांना जुगार ठरवलं होतं.

काही पोरं मला शहाणपण शिकवतात की काका ही इन्व्हेस्टमेंट आहे, जुन्या बंडलवाली (म्हणजे जुन्या कपड्यांचा सेट असलेली) आयडी, म्हणजे गेमचं अकाउंट, पाच-दहा हजाराला जाते. जाते, खरंय, इन्स्टावर विक्रेते आहेत. पण कंपनीच्या नियमात अकाउंट विकायला बंदी आहे, सापडलं तर आयडी बॅन. शिवाय विकणारा पासवर्ड देऊन महिन्याभरानं जुन्या ईमेलवरून आयडी परत ओढून घेतो, असं आमच्याच गल्लीत झालंय आणि ते पोरगं तक्रार तरी कुणाकडं करणार. मुळात ते कपडे पोराच्या मालकीचे नसतातच, कंपनीनं वापरायला परवानगी दिलेली असते, ती परवानगी कंपनी कधीही काढू शकते. यात नफा करणारा एकच आणि तो बार्शीत राहत नाही.

आता मी ज्यासाठी लिहायला बसलो ते. पबजी २०२० ला बंद झालं आणि २०२१ ला बीजीएमआय नावानं परत आलं, तेव्हा क्राफ्टन कंपनीनं १८ वर्षांखालच्या मुलांसाठी नियम जाहीर केले. पालकाच्या फोनवर ओटीपी, दिवसाला तीन तास खेळ आणि खर्चाची मर्यादा दिवसाला ७,००० रुपये. सगळ्या पेपरांनी "मुलांच्या सुरक्षेसाठी पाऊल" म्हणून छापलं. अहो दिवसाला! महिन्याचे दोन लाख दहा हजार होतात. आमच्याकडं द्राक्षाच्या बागेत जाणाऱ्या बाईला महिनाभर राबून दोन दिवसांच्या मर्यादेइतके पैसे मिळाले तरी खूप. याला मर्यादा म्हणायचं असेल तर मग माझ्या दुकानावर जागतिक बँकेचा बोर्ड लावतो.

आणि याच क्राफ्टनमध्ये चीनच्या टेन्सेंटचा मोठा हिस्सा आहे. चीनमध्ये काय नियम आहे? २०१९ पासून ८ वर्षांखालच्या पोराकडून पैसे घ्यायचेच नाहीत, ८ ते १६ ला महिन्याला २०० युआन, १६ ते १८ ला महिन्याला ४०० युआन, एका वेळी त्याच्या चौथा हिस्साच. ४०० युआन म्हणजे आजच्या भावानं पाच हजार रुपयांच्या आसपास, तेही महिन्याला. २०२१ ला तर खेळायची वेळच शुक्रवार-शनिवार-रविवार आणि सुट्टीला रात्री ८ ते ९ एवढी ठेवली. मला चीनसारखं सगळं सरकारनं ठरवावं असं अजिबात नकोय, पण तिथं हे पाळून कंपन्या मेल्या नाहीत, टेन्सेंट अजून नफ्यातच आहे. म्हणजे जमतं. आपल्याकडं सांगितलं नाही म्हणून करत नाहीत.

दुसरी गोष्ट परताव्याची. मागं एक शेतकरी बँकेच्या खात्याचा उतारा प्रिंट करायला आला होता, पोराला अभ्यासाला फोन दिलेला, पिन पोराला माहीत. उताऱ्यात ४९, ८९, १५९ अशा छोट्या छोट्या रकमांची पानंच्या पानं, एकेक बघितली तर चहा-नाश्त्याची वाटावी, बेरीज केली तर शेतीच्या औषधाचा पूर्ण हप्ता गेलेला. मी त्याला मेल लिहून दिला, उत्तर आलं की व्यवहार तुमच्याच पिननं झालाय, परतावा बसत नाही, विषय संपला. मराठीत विचारायला फोन नंबर नाही. आता गंमत अशी की आपला १८७२ चा करार कायदा कलम ११ मध्ये सांगतो की अज्ञान मुलाला करार करताच येत नाही आणि प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या लंडनच्या सगळ्यात वरच्या कोर्टानं, १९०३ मध्ये मोहरी बीबीच्या खटल्यात असा करार मुळातच रद्दबातल ठरवला, वकिलीच्या पहिल्या वर्षाला हे शिकवतात. मग चौदा वर्षांच्या पोरानं डायमंड घेतले तो करार कुणाशी झाला? कंपनी म्हणणार फोनधारकाशी. फोनधारक तर रानात होता.

अमेरिकेत फोर्टनाइटवाल्या एपिक कंपनीवर तिथल्या ट्रेड कमिशननं हेच आरोप केले होते, की बटणं अशी ठेवली की चुकून खरेदी व्हावी, पोरांनी आईबापाला न विचारता घेतलं आणि बँकेकडं तक्रार केली तर अकाउंटच लॉक. २०२२ च्या डिसेंबरात एपिकनं ५२ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं, त्यातले साडेचोवीस कोटी नुसते ग्राहकांना परत द्यायला. आपल्याकडं नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं डार्क पॅटर्नची, म्हणजे ॲपमध्ये गिऱ्हाइकाला फसवून खर्च करायला लावायच्या युक्त्यांची नियमावली काढली, खोटी घाई, सारखं टोचत राहणं, चुकवणारी बटणं असे तेरा प्रकार त्यात आहेत. चक्रावर "शेवटचे २ तास" म्हणून धावणारं घड्याळ आणि पुढच्या महिन्यात तेच बंडल पुन्हा, ही खोटी घाई नाही तर काय आहे?

माझ्या डोक्यात काय आहे ते सांगतो. १८ खालच्या खात्याला खर्चाची मर्यादा महिन्याची असावी आणि ती पाचशे रुपयांच्या वर नको, ज्याला जास्त हवं त्याच्या बापानं स्वतः येऊन वाढवून घ्यावी. वस्तूखाली डायमंडबरोबर रुपये लिहावेत आणि चक्राच्या वर, पहिल्या फेरीआधीच, पूर्ण फिरवलं तर किती पडेल ते मोठ्या अक्षरात. आणि रोखीच्या कोडचं काहीतरी करा. मी एकट्यानं युनिफॉर्मवाल्या पोरांना कोड देणं बंद केलं तर ती समोरच्या दुकानात जातील आणि माझे दोन रुपये त्याला मिळतील, बाकी काही बदलणार नाही, त्यामुळं हे सगळ्या दुकानांना एकदमच लागू व्हायला हवं. माझा धंदा कमी होईल, होऊ दे, झेरॉक्स आहे.

शेवटी तुमच्या मुंबईच्या वार्ताहरांना एक काम. २०२३ च्या ऑगस्टमध्ये गरेनानं धोनीला घेऊन "फ्री फायर इंडिया" जाहीर केलं होतं, सर्व्हर सांभाळायला योट्टा, म्हणजे ज्यांचं मोठं डेटा सेंटर पनवेलला आहे ती कंपनी, आणि त्यात पालकांची देखरेख, खेळायच्या वेळेची मर्यादा असं सगळं येणार असं सांगितलं होतं. ५ सप्टेंबरची तारीख होती, ती ऐनवेळी पुढं ढकलली आणि पोरं मॅक्सच खेळत राहिली. ती देखरेखीची सोय तयार होती तर ती मॅक्समध्ये का टाकली नाही, एवढं त्यांना विचारा आणि उत्तर आलं तर छापा.

आपला,
एक रिचार्जवाला, बार्शी (जि. सोलापूर)