सोनोग्राफी यंत्रातील एआय सॉफ्टवेअरने दिलेल्या चुकीच्या निर्वाळ्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

स.न.वि.वि.

महामार्गालगत माझं बारा खाटांचं हॉस्पिटल आहे. सर्वांत जवळचा रेडिओलॉजिस्ट दीड तासावर. अपघाताचा पेशंट आला की पोटात रक्तस्राव होतोय का, हे पहिल्या काही मिनिटांत बघावं लागतं, म्हणून सात महिन्यांपूर्वी तुमचं हातात धरायचं यंत्र एआय सॉफ्टवेअरसह घेतलं. प्रोब (अंगावर टेकवायचा भाग) कुठे सरकवायचा ते बाण दाखवतो, द्रव दिसला की त्याभोवती चौकट येते. रात्रपाळीचे माझे तरुण डॉक्टर यामुळे न घाबरता फास्ट तपासणी (अपघातानंतर आत रक्त साचलंय का हे बघणारी सोनोग्राफी) करू लागले, हे मी मनापासून मान्य करतो.

गेल्या महिन्यात मोटरसायकलवरून पडलेला तिशीचा तरुण आला. डाव्या बरगड्यांवर मार, नाडी 118. प्लीहा आणि मूत्रपिंड यांच्यामधली जागा बघताना बरगडीच्या सावलीने अर्धं चित्र काळवंडलं होतं. प्लीहेचा वरचा भाग चित्रात आलाच नव्हता. तरीही स्क्रीनवर हिरवी खूण आली: 'फ्री फ्लुइड नाही', म्हणजे पोटात साचलेला द्रव नाही. नाडीचा आकडा खटकला म्हणून ड्युटीवरच्या डॉक्टरने मला घरून बोलावलं. मी प्रोब आणखी मागे, जवळजवळ खाटेला टेकेल इतका खाली नेला आणि पेशंटला श्वास रोखायला सांगितलं. प्लीहा आणि श्वासपटल यांच्यामध्ये द्रवाची काळी कोर स्पष्ट दिसली. डाव्या बाजूला रक्त बरेचदा आधी तिथेच साचतं. 108 बोलावून त्याला जिल्ह्याला पाठवलं. प्लीहा फाटली होती. ऑपरेशन झालं, पेशंट वाचला.

तुमच्या प्रतिनिधीचं फोनवरचं उत्तर: 'प्रोब नीट धरला नसेल.' अहो, प्रोब कसा धरायचा हे सांगण्यासाठीच तर हे सॉफ्टवेअर घेतलं! 'द्रव नाही' आणि 'ही जागा नीट दिसली नाही' ही दोन वेगळी उत्तरं आहेत. पहिल्यावर डॉक्टर थांबतो, दुसऱ्यावर पुन्हा बघतो. अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी 2020 मध्ये हृदयाच्या सोनोग्राफीसाठी मान्यता दिलेल्या एआय सॉफ्टवेअरमध्ये चित्राचा दर्जा दाखवणारं मापक होतं. म्हणजे हे करता येतं. शिवाय सुरुवातीला रक्त थोडं असेल तर फास्टमध्ये ते दिसतही नाही, तपासणी पुन्हा करावी लागते. हिरव्या खुणेखाली तेवढी एक ओळसुद्धा नाही.

नेट गेलं की विश्लेषण बंद पडतं, हेही विकताना सांगितलं नव्हतं. पावसाळ्यात आमच्याकडे रेंज जाते आणि अपघातही तेव्हाच जास्त होतात.

'यंत्र बदलून देतो' हा उपाय मला नको. पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक) कायद्याखाली यंत्राची नोंद आहे, बदलायचं तर समुचित प्राधिकाऱ्याला आधी कळवावं लागतं. आणि सॉफ्टवेअर तेच राहणार असेल तर उपयोग काय? अपुऱ्या चित्रावर निर्वाळा देणं थांबवा, नेटशिवाय चालेल अशी सोय करा, आणि ज्यांना ज्यांना हे सॉफ्टवेअर विकलंय त्या सगळ्या डॉक्टरांना ही चूक लेखी कळवा. तोवर सॉफ्टवेअरची वर्गणी घेऊ नये. पंधरा दिवसांत लेखी उत्तर हवं आहे.

त्या रात्रीच्या दोन्ही चित्रफिती जपून ठेवल्या आहेत. तुमच्या तंत्रज्ञांना हव्या असतील तर पेशंटची ओळख काढून लगेच पाठवतो.

कळावे,
आपला ग्राहक