राजा नव्हे, पाकट निघाला

भुसावळ, रविवार रात्र

संद्या भो,

काल फोन उचलला नाही म्हणून तोंड फुगवू नको, दिवसभर झूलॉजीच्या लॅबमध्ये बरण्या धूत होतो, फॉर्मॅलिनने डोळ्यांची पार वाट लागली. आपल्या वेळची ती चपट्या माशाची बरणी आठवते? चिठ्ठीवर 'राजा', आणि तू विचारलं होतंस कोणत्या गावचा राजा? स्केट नावाच्या चपट्या माशाच्या जीनसचं, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचं, ते लॅटिन नाव आहे, प्राण्यांना लॅटिन नावं देणाऱ्या लिनियसच्या १७५८ च्या पुस्तकातलं. पण काल पाणी बदलायला मासा ताटात काढला तर शेपटी चाबकासारखी बारीक आणि तिच्यावर पेन्सिलीएवढा करवती काटा, बोटाला टोचलाच! स्केटला असा डंख नसतोच रे, त्याची शेपटी जाड आणि टोकाजवळ दोन छोटे पर. म्हणजे हा स्टिंगरे, तुमच्याकडचा पाकट, आणि मी नऊ वर्षं पोरांना स्केट म्हणून शिकवतोय.

मग रात्री वाचत बसलो. स्केट, पाकट वगैरे या सगळ्या घराण्याला इंग्रजीत 'रे' म्हणतात, मिळून सहाशेच्या वर जाती, चार गणांत : स्केट, डंखवाले रे, करंट मारणारे टॉर्पेडो, आणि गिटारफिश-करवत मासे. स्केट अंडी घालतो, चामड्याच्या चौकोनी पाकिटात, चारी कोपऱ्यांना शिंगं. बाकीचे तिन्ही थेट पिल्लं देतात. मजा करवत माशाची आहे, अंगाने शार्क दिसतो पण कल्ल्यांच्या फटी पोटाकडे, म्हणून तो रे. आणि सॉशार्क नावाचा दुसराच प्राणी, तशीच करवत, पण फटी बाजूला, तो खरा शार्क. आपण तर करवत बघूनच निकाल लावला असता.

रे म्हणजे चपटे झालेले शार्कच, असंही एक मत होतं, सॉशार्कच्या जवळचे म्हणे. डीएनएने ते खोडलं, दोन्ही घराणी फार जुन्या काळीच वेगळी झालेली. मांटा नावाच्या मोठ्या रेचाही स्वतंत्र जीनस मोडून त्याला मोब्युला या दुसऱ्या जीनसमध्ये घातलं आता, आमच्या तक्त्यावर अजून जुनंच आहे.

चिठ्ठी बदलू का म्हणून विचारलं तर वरचे म्हणतात, रजिस्टरला राजाच आहे, राहू दे. मी गुपचूप बदलली.

तू रत्नागिरीला आहेस तर बंदरावर पाकट दिसला की उलटा करून फोटो काढ, पाच-पाच फटी नीट दिसू दे, आणि शेपटी सोडू नको. कोळणी काटा आधीच तोडून टाकत असतील तर तसं सांग. तापीकाठी बसून आम्हाला कुठला मिळणार रे!

तुझा,
पक्या