स्कॉटलंडच्या दऱ्या ओस का पडल्या, तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवार पुरवणीतला स्कॉटलंडच्या सहलीवरचा लेख वाचला. एडिंबराचा किल्ला, लॉक नेस, ग्लेनफिननचा रेल्वेपूल, सगळे आले आहे. पण हायलँड्सच्या, म्हणजे उत्तर स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखाच्या, दऱ्यांत माणसाची वस्ती कधी नव्हतीच, असा लेखाचा सूर आहे. तो मला फार लागला, म्हणून हे पत्र.

त्या दऱ्यांत गेलिक बोलणारी, गुरे पाळणारी माणसे पिढ्यानपिढ्या राहत होती. पुढे जमीनदारांना कुळांपेक्षा मेंढ्या किफायतशीर वाटू लागल्या आणि गावेच्या गावे उठवली गेली. सदरलंड परगण्यातल्या स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात १८१४ आणि १८१९ मध्ये घरे जाळून लोकांना बाहेर काढले. इस्टेटीचा कारभारी पॅट्रिक सेलर याच्यावर १८१६ मध्ये खटला चालला, तो निर्दोष सुटला. त्याच खोऱ्यातल्या रोसल गावाच्या घरांचे पाये आजही गवतात दिसतात.

माझ्या मते हायलँड्समध्ये एकच जागा बघायची असेल तर ती क्रॉइकचे चर्च. आर्डगाय स्टेशनापासून साधारण दहा मैल आत, एकेरी रस्त्याने जावे लागते. मे १८४५ मध्ये ग्लेनकॅल्वी दरीतून हुसकावलेली सुमारे ऐंशी माणसे, लेकराबाळांसह, या चर्चच्या दफनभूमीत खांब रोवून, वर कापडे-घोंगड्या टाकून राहिली. चर्चच्या खिडकीच्या शंकरपाळी काचांवर त्यांनी बाहेरच्या बाजूने अक्षरे कोरली. ती अजून वाचता येतात. एका काचेवर लिहिले आहे : ‘ग्लेनकॅल्वीची माणसे, दुष्ट पिढी’. घरदार गेले ते आपल्याच पापांमुळे, असे त्यांना वाटत असावे. याहून जास्त अस्वस्थ करणारा कोरीव लेख मी कुठे पाहिलेला नाही. लंडनच्या ‘टाइम्स’ने तेव्हा बातमीदार पाठवून ही हकिगत छापली होती, हे आपल्याला मुद्दाम सांगावेसे वाटते.

आणि या प्रदेशाशी आपला संबंध आहे. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर जेमतेम तासाभरात जॅकोबाइटांचा, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्यासाठी उठाव करणाऱ्यांचा, पराभव झाला. त्यांच्यात हायलँडर पुष्कळ होते. हायलँडर पुन्हा उठू नयेत म्हणून सरकारने इन्व्हरनेसजवळ फोर्ट जॉर्ज हा किल्ला बांधला. पुढे याच हायलँडरांच्या पलटणी ब्रिटिश साम्राज्यासाठी उभ्या राहिल्या. सीफोर्थच्या मॅकेन्झी या हायलँड सरदाराने १७९३ मध्ये उभारलेली ७८वी पलटण २३ सप्टेंबर १८०३ रोजी आमच्या जालना जिल्ह्यात, असईला, शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर चालून आली. त्या लढाईबद्दल तिला हत्तीचे मानचिन्ह मिळाले. ग्लेनकॅल्वी ज्या रॉस परगण्यात आहे, तो या पलटणीच्या भरतीचा मुलूख. फोर्ट जॉर्जमध्ये आज हायलँडर सैनिकांचे संग्रहालय आहे. मराठी माणसाने कलोडन आणि फोर्ट जॉर्ज एका दिवसात जरूर पाहावे, दोन्ही इन्व्हरनेसहून जवळ आहेत.

आपल्याकडच्या सहल कंपन्या एडिंबराहून एका दिवसात लॉक नेस दाखवून परत आणतात. त्यात यातले काहीच बसत नाही. निदान दोन मुक्काम इन्व्हरनेसला हवेत, आणि क्रॉइकसाठी स्वतंत्र गाडी. पुरवणीच्या पुढच्या अंकात या जागांची माहिती नकाशासह द्यावी, ही विनंती. उन्हाळी सहलींची नोंदणी सुरू होण्याआधी ती आली तर वाचकांना उपयोग होईल.

आपला,
एक वाचक, जालना